साडेसात आटे

व्हॉल्व्ह क्रमांक एकशे चौदा
माझ्या टॅबवर उपवन तलावात पडला होता,
काठापासून चाळीसेक फूट आत.
हिराजी केणी हसले.
"मंग मी काय तीस वरसं पवत होतो?"

तो होता लोकमान्यनगरात, पाडा नंबर तीन,
इस्त्रीवाल्याच्या फळीखाली,
झाकणावर कोळशाची राख.
मी ठिपका बोटानं ओढून जमिनीवर आणला.

फॉर्ममध्ये रकाने होते :
व्यास. धातू. बसवल्याचं साल. उघडायची वेळ.
"पाहाटे चार-धा. साडेसात आटे."
साडेसातच का?
"आठव्याला खालची लाइन थरथरते. चावी हाताला सांगते."
मी धातूच्या रकान्यात 'बीड' लिहिलं.
"गुरुवारी मात्र नऊ."
गुरुवारी का?
"बालवाडीची टाकी धुतात ना गो."

साहेबांना म्हटलं, कारण लिहायला जागा हवी.
साहेब म्हणाले, यादी आहे, यादीतून निवड :
गळती, दुरुस्ती, तक्रार, इतर.
तीनशे बारा व्हॉल्व्ह झाले,
त्यात दोनशे सत्तर वेळा
मी इतर.

एप्रिलात पाइपांना मापकं बसली.
भिंतभर पडदा, प्रत्येक गल्लीला रंग.
केणींना बघायला बोलावलं.
चपला कुठे काढू, त्यांनी दारातच विचारलं.
पाडा तीन, खालची रांग : एक तास पन्नास मिनिटं.
पाडा तीन, शेवटची वरची रांग : अकरा.
काल अकरा. परवा अकरा. मागे जाल तितके दिवस
अकरा, बारा, दहा, अकरा.
शेजारच्या चौकटीत वरच्या रांगेच्या तक्रारी : शून्य.
म्हणून ती रांग हिरवी.

"खोटा हाय," केणी म्हणाले.
"मी सगल्यांना सारका देतो."
कुणी काही बोललं नाही.
एसीचं पाणी बादलीत ठिबकत होतं.

दुपारी ते मला घेऊन वर चढले.
एकशे अठ्ठावीस पायऱ्या, मी मोजल्या,
मोजायची सवयच लागलीय आता.
तीस वर्षांत ते इथे आले नव्हते.
त्यांचं काम झाकणापाशी संपायचं.

शेवटच्या दारात मंदाकिनी सोनटक्के
ब्लाउजला हुक लावत बसल्या होत्या.
अकरा मिनिटं? त्या म्हणाल्या,
मोठ्या मनाचं आहे तुमचं घड्याळ.
आमचे साडेतीन हंडे. चौथ्याला हवा येते.
तक्रार का नाही केलीत?
ॲप नळाचा नंबर विचारतं.
नळ दिराच्या नावावर. दीर पनवेलला.
बोलत नाही.

केणींनी पाणी मागितलं नाही.
त्यांनी दिलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी वर, मोबाइलवर सेकंद लावून,
ते खाली, राख झटकून, चावी घालून.
फोन चालू ठेवला होता.
एक, दोन, तीन.
चार.
पाच.
सहा... मग नुसता त्यांचा श्वास.
"सातवा देत नाय," ते म्हणाले.

वर नळ खोकला, थुंकला, मग लागला.
अकराव्या मिनिटाला सोनटक्केबाईंनी
सवयीनं हंडा काढून घेतला.
पाणी जमिनीवर पडत राहिलं,
तेव्हा धावल्या.

सव्वीस मिनिटं. सारखं नाहीच अजून.
सात वाजेपर्यंत खालच्या रांगेतून चार तक्रारी,
पडद्यावर पाडा तीन लालभडक,
आणि साहेबांचा फोन : काय केलंत तिथे?

मी ओळ उघडली.
आटे : सहा.
कारण : यादी खाली ओघळली,
आणि बोट बराच वेळ काचेवर तसंच.

जूनअखेर केणी निवृत्त.
तिथे मोटर बसणार आहे,
सहा म्हटलं की सहा देणारी.
गुरुवारचं
तिला मला सांगायचंय.